मावशी म्हणाल्या, ब्लँकेट नको

'आमच्याकडे २२ वर्षं धुणीभांडी करणाऱ्या मावशी आहेत. आधार कार्डावर वय ६८. गुडघे गेल्यामुळे बाकीची घरं सुटली, आता फक्त आमचंच काम करतात. महिना १,८०० रुपये. मुलगा दीड वर्षापूर्वी आजारपणात गेला. सून केटररकडे पोळ्या लाटायला जाते, नातू महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. घर पत्र्याचं. दर वर्षी दिवाळी झाली की मी मावशींना एक ब्लँकेट देते. यंदा दिलं तर म्हणाल्या, "ताई, चार झालीत. ठेवायला जागा नाही. त्यापेक्षा पैसे दिले असते तर बरं झालं असतं." आधी राग आला, रात्री लाज वाटली. थंडी सुरू होतेय, त्यांना सरकारी मदत काय मिळू शकते? ओळखीतला एक जण पेन्शन करून देतो म्हणतो, ३,००० मागतो. आणि आमच्या सोसायटीत गोदाघाटावर ब्लँकेटं वाटायला वर्गणी काढतायत, द्यावी का?'
– एक गृहिणी, नाशिक

ताई,

राग आला त्याचं फार मनावर घेऊ नका. आपण प्रेमाने दिलेली वस्तू कुणी नको म्हटली की पहिल्यांदा रागच येतो. पण मावशींचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे कळायला त्यांच्या घरी एकदा पहाटे पाचला जायला हवं. संध्याकाळी जाऊन उपयोग नाही, तेव्हा पत्रा दिवसभराच्या उन्हाने कोमट असतो. पहाटे तोच पत्रा बर्फासारखा होतो. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्याला खालून लागते आणि थेंब होऊन अंथरुणावर टपकते. मी अशा घरात झोपलेली आहे. सकाळी ब्लँकेट वरून दमट लागतं आणि पाठीखालची फरशी अंगातली सगळी ऊब ओढून घेते. त्या घराला पाचवं ब्लँकेट पुरत नाही. वरचं पाणी अडवायला आणि खालची थंडी तोडायला काहीतरी लागतं.

खालचं सोपं आहे. जाड सतरंजी किंवा फोमची चटई, आणि तिच्यावर गोधडी. तुमच्या कपाटात जुन्या सुती साड्या असतील तर पाच-सहा द्या. सुनेला टाके येत नसले तरी वस्तीत गोधडी शिवून देणारी एखादी आजी सापडते. पाहिजे तर मावशींकडे पडून असलेलं एखादं ब्लँकेट मधल्या थराला जाईल. वरच्या पत्र्याला आतून थोडं अंतर सोडून जाड कापड किंवा गोणपाट ताणून बांधतात. लोक फ्लेक्सही बांधतात. एका घरात छताला एका दादांच्या वाढदिवसाचा आख्खा फ्लेक्स होता, हात जोडलेले दादा रात्रभर वरून बघतायत. चालतं, पण फ्लेक्स आणि थर्माकोल पटकन पेट घेतात. चूल किंवा शेगडी त्याच खोलीत असेल तर गोणपाटसुद्धा चुलीच्या वर येऊ देऊ नका.

आता पेन्शनकडे येते.

६५ पूर्ण झालेल्या निराधार माणसासाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत होतो. अट अशी की नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. तुमच्या पत्रातला आकडा मी कागदावर मांडून पाहिला. १,८०० गुणिले १२ म्हणजे २१,६००. सुनेचा एक रुपयाही न धरता, फक्त तुमच्याकडच्या कामामुळे मावशी ६०० रुपयांनी 'श्रीमंत' आहेत. महिन्याला ५० रुपये. ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांनी २१,००० मध्ये घर चालवून बघावं असं मला फार वाटतं, पण ते इथे राहू दे.

आता तुमच्या डोक्यात येईल की पगार १,७०० करते आणि वरचे हातात देते. किंवा दाखल्यावर कमी उत्पन्न सांगू. तो ३,००० मागणारा गृहस्थ नेमकं हेच करणार आहे, आणि उद्या पडताळणी झाली की मान मावशींची अडकेल, त्याची नाही. तसं करू नका. आधी दारिद्र्यरेषेच्या यादीत मावशींचं नाव आहे का, ते महापालिकेत जाऊन पाहा. यादी जुनी आहे, कित्येकांना आपलं नाव तिच्यात आहे हेच माहीत नसतं. नाव निघालं तर उत्पन्नाची भानगडच उरत नाही, केंद्राच्या आणि राज्याच्या वाट्याचे मिळून १,५०० सुरू होऊ शकतात. नाव नसेल तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खरं तेच सांगून अर्ज करा आणि कुटुंबात कुणाकुणाचं उत्पन्न धरतात ते खिडकीवर विचारून घ्या. गुडघ्यांमुळे उद्या तुमचंही काम सुटलं तर ती खरी वस्तुस्थिती असेल, तेव्हा नव्याने दाखला काढता येतो. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर तारीख असते. पेन्शनची मंजुरी मात्र समितीच्या बैठकीत होते, तिला महिने लागतात. म्हणजे हे पैसे आले तरी पुढच्या थंडीला येतील. मंजूर झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की माणूस जिवंत असून पैसे बंद होतात.

एजंटला एक पैसा देऊ नका. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर ठरलेलं शुल्क असतं आणि ते तिथे फलकावर लिहिलेलं असतं.

पेन्शनची वाट पाहताना एक गोष्ट मावशींच्या हक्काची आहे आणि तिला २१,००० ची आडकाठी नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण केलेल्या, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या माणसाला एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात होतो. सध्या घेतायत का ते आधी फोनवर विचारा, फुकट खेप नको. थंडीत ज्या गुडघ्यांना सकाळी उठताना भिंत धरावी लागते त्यांच्यासाठी हे ३,००० बरेच आहेत.

आणि ताई, तुमच्या पत्रात एक माणूस अर्ध्या ओळीत येऊन गेला. नातू. तुम्ही मावशींसाठी विचारलंत, पण त्या घरातली सगळ्यात मोठी रक्कम त्याच्या नावावर मिळू शकते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गमावलेल्या मुलाला १८ वर्षांचा होईपर्यंत घरीच राहून, शाळेत जाऊन, महिन्याला २,२५० रुपये. वर्षाचे २७,००० झाले. तुमचा पगार धरूनही मावशी वर्षाला एवढे कमावत नाहीत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. वडिलांचा मृत्यूचा दाखला, मुलाचं आणि आईचं आधार, शाळेचं बोनाफाइड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, फोटो एवढं गोळा करून ठेवा. कुणीतरी घरी चौकशीला येतं. त्या दिवशी सून घरी हवी, तिला पोळ्यांवरून सुट्टी काढायला सांगा. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं तिला सांगू नका. ते साचून येतात, मध्येच चार-पाच महिन्यांचे एकदम. घर त्यांच्या भरवशावर चालवायचं नाही. पण आले की मुलाचा स्वेटर, बूट, पुढच्या वर्षीची वह्या-पुस्तकं निघतात.

सुनेला लाडकी बहीण योजनेचे १,५०० येत असतील तर तिने संजय गांधी निराधारचा अर्ज करायची गरज नाही, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. येत नसतील तर विधवा म्हणून ती संजय गांधीला अर्ज करू शकते, पण तिथेही तोच २१,००० चा आकडा आहे. तुळशीचं लग्न झालं की तिच्या कामाचा हंगाम सुरू होतो, त्या तीन महिन्यांतच ती तेवढं कमावत असेल. यादीत नाव निघालं तर मात्र आणखी एक गोष्ट विचारा. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एकरकमी २०,००० मिळतात. दीड वर्ष झालंय, मुदतीचं आधी विचारा.

हे सगळं करताना एक अडचण हमखास येणार. मुलगा गेला, पण कागदावर अजून तोच घरातला कर्ता असतो. गॅसचं कार्ड त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, रेशन कार्डावर त्याचं नाव तसंच. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, पण जोडणी बाईच्या नावावर हवी. मुलाच्या नावावर असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन एजन्सीत जायचं आणि सुनेच्या नावावर करून घ्यायची. आंघोळीचं पाणी तापवायला थंडीत गॅस दुप्पट जातो, म्हणून हे काम आधी करा. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा झेरॉक्स काढून ठेवा. त्या माउलीला प्रत्येक खिडकीवर मुलाचा तो कागद पुढे करावा लागतो. त्यापेक्षा तो तुमच्या पिशवीत असलेला बरा.

रेशनचं विचारलं नाहीत, पण तेही पाहा. धान्य मोफत आहे. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. तिघांच्या घरात १५ आणि ३५ मध्ये किती फरक पडतो ते तुम्ही मला सांगायला नको. विधवा कर्ती असलेलं घर आणि आधार नसलेला साठीपुढचा माणूस हे दोन्ही अंत्योदयच्या निकषात बसतात. पुरवठा कार्यालयात अर्ज करून ठेवा. कोट्यात जागा नसेल तर लगेच होणार नाही, पण अर्जच नसेल तर जागा झाल्यावरही होणार नाही.

आणि अंगठा. मावशींचा अंगठा मशीनला लागतो का, हे त्यांना विचारलंत कधी? बावीस वर्षं तुमच्याकडची, त्याआधी आणि त्याबरोबर बाकीच्या घरांची भांडी घासून बोटांवरच्या रेषा उरतच नाहीत. त्यात थंडीत हात उलतात. उन्हाळ्यात कसाबसा लागणारा अंगठा डिसेंबरात अजिबात लागत नाही आणि दुकानदार म्हणतो, 'उद्या या.' मी एका बाईंना तीन दिवस सलग 'उद्या या' ऐकताना पाहिलंय, दर वेळी अर्धा खाडा. उपाय साधे आहेत. आदल्या रात्री हातांना खोबरेल चोळायचं, निघताना कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायचे. दहाही बोटं लावून बघायला सांगायचं, एखादं लागतं. दुकानात डोळ्याचा स्कॅनर आहे का विचारायचं. मुळात रेशन घरातल्या कार्डावर नाव असलेल्या कुणालाही आणता येतं, तेव्हा सुनेची ई-केवायसी पूर्ण आहे ना ते बघा. हल्ली चेहरा दाखवून ई-केवायसी करायचं ॲपही आहे. ते तुमच्या मोबाइलवरून पाच मिनिटांत होईल.

आता थोडं अवघड बोलते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईची नोंदणी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि नोंद असेल तर ५५ पूर्ण झाल्यावर १०,००० रुपये सन्मानधन देण्याची तरतूद आहे. या नोंदणीला एक कागद लागतो, 'या बाई आमच्याकडे काम करतात' असं मालकाने लिहून दिलेला. मावशी साठीच्या आत होत्या तेव्हा त्या तुमच्याच घरी भांडी घासत होत्या. चार ओळींचं पत्र होतं, ताई. टोमणा मारत नाही. आमच्याकडच्या बाईंसाठी मीही ते लिहिलं नाही. त्यांची साठी झाली तेव्हा मी त्यांना पेढे आणले होते, आणि कायद्याची आठवण पेढे वाटून झाल्यावर आली. मावशींचं आता होणार नाही. सून केटरिंग सोडून कधी घरकामाला लागली तर पहिल्या महिन्यातच तो कागद द्या.

तब्येतीचं थोडक्यात. थंडीत रक्तदाब चढतो, म्हणून मावशींचा एकदा मोजून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत, औषधंही तिथलीच. पहाटेचं काम दीड तास पुढे ढकला. तुमची भांडी साडेसातला घासली काय आणि नऊला काय, काही बिघडत नाही. आणि बाथरूममध्ये गीझरचं पाणी येतं तसं भांड्यांच्या सिंकलाही येईल अशी सोय प्लंबर अर्ध्या दिवसात करून देतो. हे मी सरकारी मदतीच्या यादीत धरत नाही, पण डिसेंबरातल्या त्या हातांना कुठल्याही योजनेआधी हे पोचेल.

शेगडीबद्दल मात्र दरडावून सांगा. दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे खोलीत घेऊन झोपायचं नाही. त्या धुराला वास असतो म्हणून तो कळतो. जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. झोपेतला माणूस उठतच नाही. शेकायचं तर बाहेर, आणि विझवून आत यायचं. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्या उघड्या रानात असतात. दहा बाय दहाच्या पत्र्यात तसं करता येत नाही.

सोसायटीच्या वर्गणीचं. द्या, पण आधी तोंड उघडा. गोदाघाटावर डिसेंबरात एकाच रात्री तीन-तीन गट येतात. पहिल्या पायरीवरच्या माणसाला चार ब्लँकेटं मिळतात आणि आडोशाला झोपलेल्याला एकही नाही. ज्याला चार मिळाली त्याच्याकडे कपाट नाही, सकाळी तो दोन विकतो, मग आपणच म्हणतो, 'बघा, यांना द्यायचंच नाही.' तुमच्या मावशी आणि तो, दोघांची अडचण एकच आहे. त्यापेक्षा महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात कुणीतरी आधी जाऊन यावं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे असं एक केंद्र हवं, ते बाराही महिने चालू हवं. तिथे काय कमी आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं गाद्यांच्या खोळी, गरम पाण्याची सोय, मोजे, लहान मुलांचे स्वेटर. माकडटोपी तर सोन्यासारखी. घाटावरच्या सगळ्यांना केंद्रात न्यायचा आग्रह मात्र धरू नका. कुणाची हातगाडी असते, कुणाचं कुत्रं, कुठे नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं, म्हणून ते जात नाहीत. एकटं, आजारी, म्हातारं माणूस दिसलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. रात्री माणूस गारठून बोलत नसेल तर थेट १०८.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. मावशींना दोन दिवस भरपगारी सुट्टी द्या आणि त्या दोन्ही दिवशी तुम्ही बरोबर जा. एक दिवस तहसील आणि पुरवठा, एक दिवस महिला-बालविकास आणि बँक. खात्याला आधार नुसतं जोडलेलं पुरत नाही, सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं सीडिंग झालंय का ते बँकेत विचारा. नसेल तर पोस्टमनला सांगा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं तो घरी येऊन उघडतो. रांगेत उभं राहणं तुम्हाला कंटाळवाणं आहे, मावशींना ते एका दिवसाचं पोट आहे. आणि खिडकीपलीकडचा माणूस तुमच्याशी ज्या आवाजात बोलेल त्या आवाजात त्यांच्याशी बोलत नाही, हे तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. सकाळी साडेदहाच्या आत पोचा, पाण्याची बाटली न्या, पेनं दोन न्या. एक कुणीतरी मागून घेतं आणि परत देत नाही.

त्यांनी मागितलेले पैसेही द्या. ब्लँकेटच्या किमतीएवढेच द्या, कमी नाही, आणि त्यांचं काय केलं ते विचारू नका. आणलेलं ब्लँकेट दुकानात बदलून मिळत असेल तर नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा, एक माप मोठा, बाह्या दुमडता येतील असा स्वेटर घ्या. रंग त्याला विचारून.